कर्दळीचा वाफा : अल्प खर्चात अंगणाची शोभा



गोव्यातील घरापुढे अंगण आहे, अंगणात तुळशीवृंदावन आहे आणि मागे परसदार आहे, तोवर फुलांसाठी रोज बाजार गाठण्याचे कारण नाही. तरीही चित्रांवर भाळून महागडे कंद आणावेत आणि ते पहिल्याच पावसाळ्यात कुजून जावेत, असे घडते. आयरिसचेच उदाहरण घ्यावे. काश्मीरच्या वसंत ऋतूत ही निळीजांभळी फुले मन वेधून घेतात. परंतु तिच्या दाढीदार जातींच्या कंदांना हिवाळ्याची थंडी आणि निचऱ्याची जमीन लागते. कोकणपट्टीच्या आषाढात ते सडतात. येथे दोष निगेचा नसून निवडीचा असतो.

आपल्या हवेत तीच हौस कर्दळ भागविते. ही वनस्पती मूळची अमेरिका खंडाच्या उष्ण प्रदेशातील. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास फ्रान्समधील तेओदोर आने यांनी तिचे संकर करण्यास आरंभ केला आणि पुढे रंगांची विविधता वाढत गेली. आयरिसप्रमाणेच तीही कंदापासून वाढते. मात्र तिला उष्णता व ओल दोन्ही मानवतात.

निवड करताना प्रथम जागा पाहावी. दिवसातून पाच-सहा तास ऊन मिळेल तेथेच कर्दळ भरघोस फुलते. माडांच्या दाट सावलीत पाने वाढतात, फुले कमी येतात. त्यानंतर उंची पाहावी. उंच जाती पुरुषभर उंचीच्या होतात, तर ठेंगण्या साधारणतः 60 ते 90 सेंटिमीटरवर थांबतात. रंगाचा विचार सर्वांत शेवटी करावा.

तीन मीटर लांब व एक मीटर रुंद असा वाफा घेतला, तर अर्ध्या मीटरच्या अंतराने दोन ओळींत बारा कंद पुरतात. मागील ओळीत उंच तांबडी व पुढील ओळीत ठेंगणी पिवळी लावावी. एक तांबडी, एक पिवळी अशी सरमिसळ केल्यास वाफा विस्कळीत दिसतो. एका रंगाचे तीन-चार कंद एकत्र असावेत. जांभळट पानांच्या जातीशेजारी नारिंगी फुले खुलतात. तांबड्याला गुलाबी लागून नको, मध्ये फिकट पिवळी असावी. कडेला झेंडू किंवा सदाफुली लावावी, आणि जेथे थोडी सावली असेल तेथे अबोली.

बाराही कंद विकत घेण्याची आवश्यकता नाही. शेजाऱ्याच्या जुन्या बेटातून कंद मागून घ्यावेत. प्रत्येक तुकड्याला दोन तरी डोळे असावेत. जमीन हातभर खणून, शेणखत मिसळून, मृगाच्या सरी सुरू होताच डोळे वर ठेवून चार बोटे खोल लागवड करावी. फुलून गेलेला दांडा बुडापासून कापला की नवे कोंब जोमाने येतात. दोन-तीन वर्षांनी बेट विभागावे, म्हणजे एका वाफ्याचे अनेक वाफे होतात.

मात्र फुकट मिळालेला कंद तपासल्यावाचून घेऊ नये. पानांवर पिवळसर रेघा वा ठिपक्यांची नक्षी दिसल्यास तो बहुधा विषाणुजन्य रोग असतो. अशा झाडावर औषध चालत नाही आणि त्याच्या प्रत्येक तुकड्यातून रोग पुढे जातो. एका घरच्या औदार्याने सारा वाडा रोगट होऊ शकतो. म्हणून पाने हिरवी असतानाच, म्हणजे पावसाळ्यात, निरोगी बेट हेरून खूण करून ठेवावी. रोगट बेट मुळासकट उपटून जाळावे, खताच्या खड्ड्यात टाकू नये. कंद कापण्याची सुरीही स्वच्छ करून घ्यावी.

उन्हाळ्यात विहिरीचा तळ दिसू लागतो तेव्हा न्हाणीचे सांडपाणी कर्दळीला देता येते. सांडपाणी शुद्ध करण्याच्या वाफ्यांतही तिचा उपयोग करतात. फक्त पाणी साचू देऊ नये, नाहीतर फुलांबरोबर डासही पोसले जातात.

शिक्षकांनी शाळेच्या आवारात असा एक निरोगी वाफा राखला आणि दर मृगाला मुलांच्या हाती दोन-दोन कंद दिले, तर काही वर्षांत गावातील घरोघरी फुले होतील. त्यासाठी लागणारे भांडवल म्हणजे एक कुदळ, थोडे शेणखत आणि पारखी नजर, एवढेच होय.