वीज कोणासाठी?

(कार्यकर्ता शिबिरातील भाषण)



ऊर्जेचा प्रश्न हा तज्ज्ञांचा प्रश्न आहे असे मानून आपण तो बहुधा त्यांच्यावरच सोपवतो. ही समजूत एका तज्ज्ञानेच खोटी ठरवली. त्यांचे नाव अमूल्य रेड्डी. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत ते विद्युत-रसायनशास्त्राचे प्राध्यापक होते. १९७४ साली त्यांनी त्याच संस्थेत ‘अस्त्र’ हे केंद्र उभारले. विज्ञान खेड्याच्या कामी लावणे, हा त्यामागील हेतू.

तुमकूर जिल्ह्यातील पुरा या गावी त्यांनी व सहकाऱ्यांनी आधी मोजणी केली. सरपण कोण आणते, पाणी कोण वाहते, किती तास राबते? गावाची बहुतेक ऊर्जा सरपणातून येत होती, आणि ते जमवण्याचे कष्ट मोठ्या प्रमाणावर स्त्रिया व मुले उपशीत होती. वीजमंडळांच्या आकडेवारीत या श्रमांना रकानाच नव्हता.

पुढे तेथे सामुदायिक गोबरगॅस संयंत्र उभे राहिले. गॅस स्वयंपाकाला द्यावा, हा मूळ विचार. परंतु साऱ्या चुलींना पुरेल इतके शेण गावात नव्हते. गावकऱ्यांना हवे होते ते पाणी. तेव्हा १९८७ पासून त्याच गॅसवर इंजिन चालवून पाणी उपसले गेले आणि घरांत दिवे लागले. शेण आणून देणाऱ्यांना वजनावर मोबदला मिळे, उरलेला शेणकाला खतासाठी परत मिळे. माणसाला किलोवॉट नको असतात; त्याला उजेड, पाणी आणि शिजलेले अन्न हवे असते, हे रेड्डींच्या विचाराचे सार होय. हीच कसोटी त्यांनी कर्नाटकच्या वीजनियोजनाला लावली. प्रत्येक घरी वीज देऊनही सरकारी अंदाजापेक्षा पुष्कळ कमी विजेत भागते, हे त्यांनी हिशेबाने दाखवले. २००६ साली ते निवर्तले.

आज त्याच तुमकूर जिल्ह्यात, पावगड येथे, २,०५० मेगावॉटचा सौर प्रकल्प आहे. त्यासाठी सुमारे १३,००० एकर जमीन शेतकऱ्यांकडून भाड्याने घेण्यात आली. दुष्काळी मुलखातील खातेदाराची मालकी शाबूत राहिली व त्याला दरसाल भाडे मिळू लागले, हे स्वागतार्हच आहे. परंतु ज्याच्या नावे जमीनच नाही, त्याला भाडे कसले? शेतमजुराचे काम गेले, गुराख्याचे कुरण गेले. वीज स्वच्छ असली म्हणून वाटणी आपोआप न्याय्य होत नाही.

महाराष्ट्रातही २०१७ पासून शेतीपंपांसाठी सौर कृषी वाहिनी योजना राबवली जात आहे. दिवसा वीज मिळावी, ही शेतकऱ्याची मागणी रास्त आहे आणि आपण तिच्या बाजूनेच उभे राहिले पाहिजे. मात्र प्रकल्पाची जागा ठरण्यापूर्वी ग्रामसभेत प्रश्न विचारा : येथे कोणाची गुरे चरतात? काम कोणाला मिळणार? निर्णय घेणाऱ्यांत स्त्रिया व भूमिहीन किती? उत्तरे लेखी मागा, आणि ती मिळेपर्यंत ठराव मंजूर होऊ देऊ नका.