आवाज पोहोचेल एवढीच माणसं
(रेडिओवरील भाषण)



पावसाळा सरला, दिवाळीचा फराळ संपत आला की मोबाइलवर एक जाहिरात हमखास येते. सांदण दरी, एक दिवस, चहा-नाश्ता-जेवणासकट. सोबत फोटो असतो. दोन्ही बाजूंना काळ्या कातळाच्या सरळसोट भिंती, डोक्यावर आभाळाची बोटभर पट्टी आणि खाली कमरेएवढ्या पाण्यातून हात वर धरून चाललेली दोन-तीन माणसं. फोटो खोटा नसतो. फक्त त्यात माणसं दोन-तीन असतात, आणि हंगामातल्या रविवारी दरीच्या तोंडाशी गेलात तर ती शेकड्यांनी भेटतात. सांदणला जावं की जाऊ नये, हा माझा आजचा विषय नाही. जरूर जावं. किती जणांनी मिळून जावं आणि कोणाच्या मागून जावं, एवढंच मला सांगायचं आहे.

आधी जागा समजून घेऊ. अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर जिल्ह्यातला अकोले तालुका. त्याच्या पश्चिमेला भंडारदऱ्याचं धरण, 1926 साली पुरं झालेलं. धरणाच्या पाण्याला वळसा घालत रस्ता साम्रद या छोट्याशा गावात पोचतो. आदिवासी महादेव कोळी समाजाची वस्ती. शेजारी रतनगड आणि त्याचा खुट्टा म्हणून ओळखला जाणारा सुळका. उत्तरेकडे अलंग, मदन, कुलंग ही दुर्गत्रयी. आणि गावापासून थोडं पश्चिमेला चालत गेलं की जमीनच संपते. खाली कोकण. हा कडा किती सरळ तुटलेला आहे, त्याची कल्पना शेजारच्या घाटघरवरून येईल. तिथं वर साठवलेलं पाणी कड्याखाली चोंढ्याला सोडून 250 मेगावॉट क्षमतेचं वीजकेंद्र चालवलं जातं, आणि विजेची मागणी कमी असते तेव्हा तेच पाणी पंपानं पुन्हा वर चढवलं जातं.

अशा या कड्याला साम्रदजवळ एक अरुंद, खोल चीर पडली आहे. ती सांदण दरी. लांबी साधारण दोन किलोमीटर. खोली दोनशे ते चारशे फूट सांगतात. रुंदी मात्र काही ठिकाणी इतकी कमी, की दोन माणसांना शेजारी शेजारी चालता येत नाही. काही भागांत ऊन तळापर्यंत पोचतच नाही.

हा दगड साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. लाव्ह्याचे थरावर थर साचले, निवले आणि त्यांना उभ्या भेगा पडल्या. अशा भेगेत शिरलेलं पाणी बाजूला पसरत नाही, ते खाली खोदत जातं. घाटघर-साम्रदच्या परिसरात वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत. तेव्हा एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवायची. सांदणमध्ये आपण ज्यावरून चालतो ती वाट नाही. ते ओढ्याचं पात्र आहे. पाऊस नसताना ओढ्यानं आपल्याला चालू दिलेलं आहे, एवढंच.

सहलीचा बेत साधारण ठरलेला असतो. मुंबईची मंडळी शनिवारी रात्रीची शेवटची कसारा लोकल धरतात. कसाऱ्याहून जीप. घोटी, शेंडी करत पहाटे साम्रद. पुण्याहून येणारे रात्रीच बसनं निघतात. कोणाच्या तरी ओसरीवर किंवा अंगणातल्या तंबूत तास-दोन तास पाठ टेकायची, उजाडल्यावर पोहे-चहा, आणि आठ-साडेआठला दरीच्या तोंडाशी. आत शिरलं की थोड्याच वेळात पहिलं पाणी लागतं. ते गुडघ्या-मांडीपर्यंत. पुढे दुसरं. ते हंगामाप्रमाणे कधी कमरेपर्यंत, कधी छातीपर्यंत. आणि मग धोंडे. कड्यावरून सुटलेले, पुरानं लोटत आणलेले, काही तर जीपएवढे. कुठं बसून घसरायचं, कुठं दोन धोंड्यांच्या फटीतून खाली उतरायचं, कुठं खालच्या माणसाच्या खांद्यावर पाय द्यायचा. असं दीड-दोन तास चाललं की दरी उघडते. समोर कोकणाकडची झाडी, आजोबाचा डोंगर आणि पायाखाली पहिला मोठा कडा. दोर लावून तो उतरणारे पुढे जातात आणि करोली घाटानं वर येतात. एका दिवसाच्या सहलीला आलेले आपण मात्र इथूनच मागं फिरतो. आल्या वाटेनं.

आल्या वाटेनं, हे शब्द महत्त्वाचे. येणारे आणि जाणारे यांना वाट एकच. आता थोडा हिशेब करू. एका अवघड धोंड्यावरून उतरायला एका माणसाला दोन मिनिटं धरा. बारा जणांना चोवीस मिनिटं लागतील. पन्नास जणांना शंभर मिनिटं. म्हणजे पन्नासावा माणूस ओल्या कपड्यांनी, गार सावलीत, दीड तासाहून जास्त वेळ एकाच जागी उभा. असे धोंडे वाटेत एक नाही, अनेक. शिवाय समोरून परतणारी दुसरी टोळी. मग चुळबुळ सुरू होते, मग घाई. सांदणमध्ये पाय मुरगळतात ते बहुधा या घाईनं. वाट फार कठीण आहे म्हणून नव्हे. धडधाकट माणसाला, जरा धीर धरला तर, ही वाट झेपते. पण धीर धरायला रांग आटोक्यातली हवी.

मग किती माणसं असावीत? मी आकडा सांगण्याऐवजी एक कसोटी सांगतो. पुढे चालणाऱ्या वाटाड्यानं न ओरडता सांगितलेली गोष्ट शेवटच्या माणसापर्यंत पोचली पाहिजे. थेट नाही तर एका तोंडून दुसऱ्या तोंडी, पण तीच गोष्ट, तशीच. दोन समोरासमोरच्या कातळभिंतींमध्ये ओरडलं तर आवाज मोठा होतो, पण शब्द कळत नाहीत. एका हाकेत दुसरी हाक मिसळते. त्यामुळे इथले जाणते वाटाडे ओरडत नाहीत. ते थांबतात, मागं वळतात आणि साध्या आवाजात सांगतात, “हा दगुड डुगडुगतोय, याच्यावर पाय नका देऊ. डावीकडून या.” दहा-बारा जणांत हे वाक्य शाबूत पोचतं. तीस जणांत त्यातली डावी बाजू उजवी होते. आणि पन्नास जणांत शेवटच्याला काही सांगितलं होतं, हेच कळत नाही.

आवाज हळू ठेवायला आणखी एक कारण आहे. सह्याद्रीच्या कड्यांना आग्या मोहोळं लटकलेली असतात. धूर, उग्र अत्तर आणि गोंगाट, या तीन गोष्टींनी त्या माश्या खवळतात, आणि अरुंद घळीत पळायला जागा नसते. म्हणून अंगावर सुगंधी फवारे मारून यायचं नाही, आत सिगारेट पेटवायची नाही आणि स्पीकरवर गाणी तर नाहीच नाही. वरून दगडही येतात. वानरं कड्यावर उड्या मारतात, त्यांच्या पायांनी सुटतात. दगड सुटल्याचा आवाज आधी ऐकू येतो, पण तो ऐकायला आपण गप्प असायला हवं.

आता वाटाड्याविषयी. शहरातून आपल्याबरोबर येणारा लीडर पोरगा हुशार असतो, उत्साही असतो, प्रथमोपचाराची पेटी त्याच्याकडे असते. तो हवाच. पण सांदणमध्ये साम्रदचा माणूसही हवा. दर पावसाळ्यात पूर या दरीतले दगड हलवतो. गेल्या वर्षी जिथं पायरी होती तिथं यंदा डोह असतो, आणि जो धोंडा गेल्या वर्षी भरवशाचा होता तो यंदा नुसता टेकलेला असतो. पाऊस थांबल्यावर दरीत पहिल्यांदा उतरतात ते गावचे लोक. नवी वाट तेच शोधतात, तेच रुळवतात. आपण जाऊ तेव्हा ती सोपी वाटते.

आणि आभाळ वाचणं हेही त्यांचंच काम. एका मे महिन्यातली गोष्ट. आम्ही दहा-बारा जण दुसऱ्या पाण्याच्या पुढं गेलो होतो. वर निळं आभाळ, भिंतीच्या माथ्यावर लख्ख ऊन. आमचा वाटाड्या थांबला. वारं बदललं होतं म्हणे. आमच्यापैकी कोणाला ते जाणवलंही नव्हतं. तो म्हणाला, “मागं फिरायचं.” आमच्यातला एक जण म्हणाला, “दादा, ऊन तर आहे की.” त्यावर तो म्हणाला, “हितं हाय. पर पाणी वरनं येतं. आभाळ तिकडचं बघायचं असतं.” आम्ही फिरलो. पाऊण तासात बाहेर आलो. रतनगडाच्या मागं ढग खरंच चढले होते. पण पाऊस? संध्याकाळपर्यंत चार थेंब पडले, धूळसुद्धा बसली नाही. परतीच्या जीपमध्ये एकानं बोलूनही दाखवलं, की पैसे वाया गेले.

मला तसं वाटत नाही. पूर आला असता तरच तो बरोबर ठरला असता, असा हिशेब डोंगरात करायचा नसतो. दोन भिंतींच्या मध्ये, वर चढायला जागा नसताना, जेवढं कळलं तेवढ्यावर त्यानं ठरवलं, आणि ते बरोबरच होतं. पण त्याचा निर्णय अमलात आला तो आम्ही थोडे होतो म्हणून. तो बोलला आणि पाच मिनिटांत सगळ्यांनी तोंडं फिरवली होती. आमच्या मागं शंभर माणसं दाटलेली असती, तर त्याच्या शहाणपणाचा आम्हाला काहीच उपयोग नव्हता. वाटाड्या कितीही जाणता असो, फिरायला जागा नसेल तर तो तुम्हाला फिरवणार कसा?

पावसाळ्यात वनखातं दरीत उतरायला बंदी घालतं ते पुराच्याच भीतीनं. हा सगळा परिसर कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो. 1986 साली ते जाहीर झालं. पण अवकाळी पाऊस बंदीच्या तारखा पाळत नाही. नोव्हेंबरात येतो, मे महिन्यातही येतो. त्या दिवशी निर्णय घ्यायचा असतो तो पुढं चालणाऱ्या माणसानं, आणि ऐकायचं असतं आपण.

आणखी एक बाजू आहे, पैशाची. या भागात शेती पावसावरची. भात, नाचणी, वरई. दिवाळीनंतर रानात काम उरत नाही आणि अनेक घरांतली माणसं मजुरीसाठी बागायती भागात उतरतात. सांदणला लोक येऊ लागले तशी गावात चार महिन्यांची कामं निर्माण झाली. तंबू, जेवण, वाट दाखवणं. दरीतून थकून आल्यावर शेणानं सारवलेल्या पडवीत तांदळाची भाकरी, पिठलं आणि ठेचा वाढणारी मावशी हा त्या कमाईचा भाग आहे. पण काही आयोजक शहरातूनच आचारी आणतात, वाटाड्याही आपलाच आणतात आणि एका खेपेत तीन बसगाड्या उतरवतात. गावाच्या वाट्याला येतात त्या बिसलेरीच्या बाटल्या. स्वस्तातली सहल कशी परवडते, याचं उत्तर बऱ्याचदा तिथं असतं.

म्हणून पैसे भरण्याआधी आयोजकाला चार प्रश्न विचारा. एका वाटाड्यामागं किती माणसं असतील? वाटाड्या साम्रदचा आहे का? जेवण गावात आहे का? आणि दरीत अर्ध्यातूनच मागं फिरावं लागलं तर तुम्ही काय म्हणाल? पाचवा प्रश्न कायद्याचा. 2021 साली राज्य सरकारनं साहसी पर्यटनाचं धोरण आणलं आणि अशा संस्थांनी पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करावी असं ठरवलं. ती नोंदणी आहे का, हे विचारायला संकोच वाटू देऊ नका. जो नीट काम करतो त्याला या प्रश्नांचा राग येत नाही.

बाकी तयारी साधी. पकड घेणारे बूट, बदलायला कोरडे कपडे, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला फोन, दोन लिटर पाणी आणि एक विजेरी. शक्य असेल तर रविवार टाळा. मधल्या वारी एक रजा टाका. दरी तीच असते, रांग नसते.

आणि हो, आयोजकाला माणसं किती असं विचारल्यावर, “जेवढी येतील तेवढी” असं उत्तर आलं, तर फोन खुशाल ठेवून द्या. दुसरा आयोजक शोधा.