फौजदारी फिर्यादीची मुदत
(भाषणाचा मजकूर)



‘प्रकरण जुने झाले, आता काही होत नाही,’ हे वाक्य गावात दोन निरनिराळ्या प्रसंगी ऐकू येते. एखाद्या खुनाची वा बलात्काराची वाच्यता वर्षांनंतर होते, तेव्हा. आणि साध्या मारहाणीची फिर्याद घेऊन एखादी स्त्री उशिरा कोर्टाची पायरी चढते, तेव्हा. पहिल्या प्रसंगी ते सपशेल चुकीचे असते. दुसऱ्या प्रसंगी मात्र ते बहुधा खरे ठरते, आणि हे फार थोड्यांना ठाऊक असते.

1898 च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत अशी सर्वसाधारण मुदत नव्हती. 1 एप्रिल 1974 पासून अमलात आलेल्या 1973 च्या संहितेने ती कलम 468 अन्वये घातली. 1 जुलै 2024 पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली. तिच्या कलम 514 मध्ये तीच मोजणी कायम आहे. मुदत ठरते ती गुन्ह्यास सांगितलेल्या कमाल शिक्षेवरून. केवळ दंड असेल तर सहा महिने, एक वर्षापर्यंत कैद असेल तर एक वर्ष, त्याहून अधिक परंतु तीन वर्षांपर्यंत कैद असेल तर तीन वर्षे. शिक्षा तीन वर्षांपलीकडे जाऊ शकत असेल, तर या कलमाची मुदतच लागू होत नाही. खून, खुनाचा प्रयत्न, बलात्कार, दरोडा हे सारे गुन्हे या वर्गातले. अर्थात, मुदत नसली तरी साक्षीदारांची स्मृती आणि वैद्यकीय पुरावा काळाबरोबर झिजतच असतात.

ही विभागणी किती बारीक आहे ते पाहावे. चापट मारली, मुका मार लागला, तर ती साधी दुखापत. कमाल कैद एक वर्ष, म्हणून मुदतही एक वर्ष. त्याच मारहाणीत दात मोडला किंवा हाड मोडले, तर ती जबर दुखापत. कैद सात वर्षांपर्यंत, आणि मुदतीचा प्रश्नच उरत नाही. यास्तव मार खाल्लेल्या माणसाला त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात नेऊन दाखला घेणे, हे पोलीस पाटलाने वा शिक्षकाने करण्याजोगे पहिले काम होय. विनयभंगास पूर्वी दोन वर्षांपर्यंत कैद होती, म्हणून तीन वर्षांची मुदत लागे. 2013 च्या दुरुस्तीने शिक्षा पाच वर्षांपर्यंत वाढली आणि मुदतीचा अडसर आपोआप दूर झाला. शिक्षेचा एक आकडा बदलला की दाराची कडी निघते, ती अशी.

खरी अडचण साध्या मारहाणीची आहे. हा गुन्हा अदखलपात्र. ठाण्यात ‘एन.सी.’ नोंदली जाते, तिची प्रत हाती पडते, आणि आपले काम झाले असे फिर्यादीस वाटते. वस्तुतः दंडाधिकाऱ्याच्या आदेशाखेरीज पोलिसांना त्यात तपास करता येत नाही. नव्या संहितेने मुदतीसाठी दोन तारखा धरल्या आहेत: दंडाधिकाऱ्यापुढे फिर्याद दाखल झाल्याची, किंवा दखलपात्र गुन्ह्याची खबर नोंदल्याची. एन.सी.चा त्यात उल्लेख नाही. इकडे गावात बैठका होतात, सोयरेधायरे मध्ये पडतात, ‘दिवाळीनंतर बघू’ म्हणून सांगितले जाते. मोजणीतून वगळायच्या काळाची यादी कायद्यात आहे. तडजोडीच्या बैठकांना तीत स्थान नाही. तंटा गावात मिटावा हे उत्तमच, परंतु मिटवणाऱ्यांनी ती तारीख डोळ्यांपुढे ठेवली पाहिजे.

कायदा अगदीच निष्ठुर नाही. गुन्हेगार कोण हे माहीत नसेल, तर तो कळल्या दिवसापासून मोजणी सुरू होते. आरोपी फरारी असेल, तर तो काळ वगळला जातो. विलंबाचे समाधानकारक कारण दिल्यास, किंवा न्यायाच्या दृष्टीने आवश्यक वाटल्यास, मुदतीनंतरही न्यायालय दखल घेऊ शकते. विवाहितेच्या छळाच्या प्रकरणांत हा अधिकार विशेष ध्यानात ठेवावा, असे सर्वोच्च न्यायालयाने 1993 साली सांगितले आहे. शिवाय 2013 मध्ये घटनापीठाने निर्णय दिला की, फिर्याद दाखल झाल्याची तारीख पाहावयाची, न्यायालयाने दखल घेतल्याची नव्हे. म्हणजे कोर्टातील दिरंगाईचा भुर्दंड फिर्यादीवर पडत नाही. मुदतीच्या शेवटच्या दिवशी न्यायालय बंद असल्यास ते उघडेल त्या दिवशीही दखल घेता येते.