धूमकेतूच्या पोटात काय आहे?

(प्रौढ साक्षरता वर्गात दिलेले भाषण)



2024 सालच्या ऑक्टोबर महिन्यात दिवस मावळल्यावर पश्चिमेला एक धूमकेतू दिसत होता. भोसरी-चाकणच्या दिव्यांच्या उजेडात असले काही नीट दिसत नाही, पण त्याची बातमी सगळ्यांच्या कानी आली होती. तेव्हा वर्गात एका बाईंनी विचारले, "गुरुजी, शेंडीचा तारा निघाला म्हणजे काही वाईट होणार का? आणि तो अंगावरच पडला तर?"

पहिल्या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे. नाही. धूमकेतू आपल्या वाटेने येतो आणि जातो. हॅलेचा धूमकेतू 1910 साली आला, 1986 साली आला, आता 2061 साली येईल. त्याला आपल्या घरातल्या लग्नकार्याशी किंवा आजारपणाशी काही देणेघेणे नाही. दुसरा प्रश्न मात्र शहाणपणाचा आहे. आकाशातून मोठे धोंडे पडलेले आहेत. बुलढाणा जिल्ह्यातले लोणारचे सरोवर पाहा. जवळजवळ 2 किलोमीटर रुंदीचा तो खड्डा अशाच एका धोंड्याने पाडला. असे काही पुन्हा आपल्याकडे येऊ लागले, तर त्याला वाटेतच ढकलून बाजूला करता येईल का? ते सांगायचे तर त्याच्या पोटात काय आहे, हे आधी कळले पाहिजे.

आता तुमच्यापैकी काही जण फाउंड्रीत काम करता. कास्टिंग वरून गुळगुळीत दिसते, पण आत ब्लोहोल असले तर? ते फोडून बघता येत नाही. मग अल्ट्रासॉनिक मशीन लावतात. आवाजाची लहर आत जाते, आणि ती कशी परत आली यावरून आतली पोकळी कळते. दवाखान्यात बाळाची सोनोग्राफी करतात, तीही याच जातीची. रडार हेच काम रेडिओच्या लहरींनी करते. लहर सोडायची, ती किती वेळाने आली ते मोजायचे, आणि हिशेब मांडायचा. विहिरीत हाक मारली की आवाज घुमून परत येतो ना, तसेच समजा.

रेडिओच्या लहरींचे मोठे काम पाहायला फार लांब जायला नको. चाकणहून नाशिक रस्त्याने नारायणगावला जा, तिथून खोडद जवळ आहे. डॉ. गोविंद स्वरूप यांच्या पुढाकाराने तिथे रेडिओ दुर्बीण उभी राहिली. 45 मीटर रुंदीच्या 30 तबकड्या, काही खोडदला आणि काही आसपासच्या शिवारात. ही दुर्बीण रडार नव्हे, बरे का. रडार बोलते आणि ऐकते. ही नुसती ऐकते. पण कान किती तिखट! 19 ऑक्टोबर 2016 रोजी युरोपचे एक यान मंगळावर उतरत होते. त्याचा बारीक आवाज या तबकड्यांनी इथे बसून टिपला. यान जमिनीला लागण्याच्या थोडे आधी तो आवाज बंद पडला. यान आपटले होते.

याच युरोपच्या संस्थेने 2004 साली 'रोझेटा' नावाचे यान एका धूमकेतूकडे पाठवले होते. ते पोचले 2014 च्या ऑगस्टमध्ये. दहा वर्षांची वाट! धूमकेतू सुमारे 4 किलोमीटर लांब, दोन गोळे एकमेकांना चिकटवल्यासारखा. 12 नोव्हेंबर 2014 रोजी रोझेटातून 'फिली' नावाची पेटी खाली सोडली. तिने जमीन धरून ठेवायची ती धरली नाही. ती उसळली आणि घरंगळत एका कड्याच्या सावलीत जाऊन पडली. नेमकी कुठे, ते कोणाला दिसेना. तरी तिच्यातले रडार चालू होते.

रडारचा बेत असा. धूमकेतूच्या एका अंगाला फिली, दुसऱ्या अंगाला रोझेटा, आणि मधे धूमकेतू. रोझेटाने लहर सोडायची, ती धूमकेतूच्या आरपार जाऊन फिलीने घ्यायची आणि फिलीने उलट आपली लहर पाठवायची. मोकळ्या जागेत ही लहर सेकंदाला 3 लाख किलोमीटर जाते. घट्ट बर्फातून गेली तर तिचा वेग निम्म्याच्या जरा वर एवढाच उरतो. धूमकेतूतून जाताना तो किती कमी झाला? जेमतेम अकरा-बारा टक्के. म्हणजे तिला आत अडवायला फारसे काही नव्हतेच. हिशेब निघाला तो असा, की शंभर भागांतले 75 ते 85 भाग नुसते रिकामे. उरलेल्यात बर्फ आणि धूळ. आपल्या क्वालिटीवाल्यांनी असले कास्टिंग पाहिले तर ते थेट भंगारात टाकतील.

आणखी एक कळले. लहर स्वच्छ आली, फाटून आली नाही. त्याअर्थी तपासलेल्या भागात मोठाल्या गुहा नाहीत. दिवाळीच्या अनारशासारखी बारीक जाळी सगळीकडे सारखी आहे. अर्थात तपासला तो धाकट्या गोळ्याचा एक भाग, सगळा धूमकेतू नव्हे. पूर्ण धूमकेतूचे वजन रोझेटाने वेगळ्या रीतीने काढले. ते तेवढ्याच पाण्याच्या निम्म्याच्या आसपास भरले. इंद्रायणीत मावला असता तर तरंगला असता!

आता बाईंच्या प्रश्नाकडे वळू. लोखंडाच्या तुकड्यावर घण मारला तर तो सरकतो. कापसाच्या गठ्ठ्यावर मारला तर घण आत रुततो. आत पोकळ असलेल्या धोंड्याला किती जोराने मारायचे, तो सरकेल की फुटून त्याचे दहा होतील, हे आतले पाहिल्याशिवाय कसे ठरवणार? 26 सप्टेंबर 2022 रोजी अमेरिकेने एक यान मुद्दाम डिमॉर्फस नावाच्या लहान लघुग्रहावर आदळवले. हा दुसऱ्या एका मोठ्या लघुग्रहाभोवती फिरतो. धडकेनंतर त्याच्या फेरीला लागणारा वेळ अर्ध्या तासाहून जास्त कमी झाला. म्हणजे ढकलता येते, एवढे पक्के झाले. पण त्याच्या पोटात काय आहे, ते त्या धडकेने दाखवले नाही. म्हणून 7 ऑक्टोबर 2024 रोजी युरोपचे 'हेरा' नावाचे यान तिकडे निघाले. त्याच्या आत एक लहानसे दुसरे यान घातले, 'युव्हेंतास' नावाचे, आणि त्याच्यावर चढवले आहे रडार.