विज्ञानकथेतील नायिका आणि बाजारातील खेळणी



खेळणे ही क्षुल्लक वस्तू नव्हे. मूल ज्याच्याशी खेळते, तसेच होण्याचे स्वप्न ते पाहते. १९७८ साली 'स्टार वॉर्स' चित्रपटाच्या पहिल्या १२ बाहुल्या बाजारात आल्या. त्यांत स्त्री एकच होती, राजकन्या लेया. २०१५ च्या भागाची तर नायिकाच रे नावाची तरुणी. तरीही त्यावरील 'मोनोपॉली' खेळाच्या ४ सोंगट्यांत तिला जागा नव्हती. ८ वर्षांच्या एका मुलीने पत्र लिहून जाब विचारला, तेव्हा कंपनीने रेची सोंगटी देण्याचे कबूल केले.

अशी नायिका आपल्याला परकी नाही. बंगालच्या रुकय्या सखावत हुसेन यांची 'सुलतानाज् ड्रीम' ही कथा १९०५ मध्येच मद्रासच्या मासिकात आली. तीत विद्यापीठातील स्त्रिया सूर्याच्या उष्णतेने शत्रूला पळवून लावतात. केवळ लिहून त्या थांबल्या नाहीत. १९११ मध्ये कलकत्त्यात ८ मुली घेऊन त्यांनी शाळा सुरू केली.

पालकहो, मुलाला यंत्र आणि मुलीला भातुकली, ही वाटणी सोडा. बिघडलेले घड्याळ तिलाही उघडू द्या. ऊसतोडीला निघताना तिची शाळा सोडवू नका, लग्नाची घाई करू नका. आणि मुलींनो, कुठे आपली जागा दिसली नाही, तर त्या मुलीप्रमाणे पत्र लिहा.