ट्रकवर जायचंय? आधी हे ऐका

शिंदखेडा तालुक्यात नरडाण्याजवळ मुंबई-आग्रा महामार्गावर ट्रकांची रीघ थांबत नाही. ते बघून स्टिअरिंगवर बसावंसं वाटणाऱ्या मुलांसाठी आज थोडं बोलू.

वय 20 पूर्ण हवं. हलक्या वाहनाचं लायसन्स किमान 1 वर्ष जुनं असेल, तरच जड मालवाहू गाडीचं शिकाऊ लायसन्स निघतं. डॉक्टरांचा दाखलाही लागतो. आठवी पासची अट 2019 मध्ये निघाली, हे फार बरं झालं.

पण लायसन्स आलं की लगेच एकट्यानं गाडी काढू नका. आधी जाणत्या ड्रायव्हरसोबत फिरा, ताडपत्री आवळायला शिका. शिरपूर, पळासनेर ओलांडलं की बिजासन घाट लागतो. तिथे भरलेली गाडी उतरवताना डिझेल वाचवायला न्यूट्रल करायचा मोह होतो. तो जिवावर बेततो! इंजिनाची पकड सुटते, सगळा भार ब्रेकवर येतो, ड्रम तापतात आणि ब्रेक लागेनासा होतो. उतार सुरू होण्याआधीच खालचा गिअर टाका.

मालकाशी पहिल्याच दिवशी बोलून घ्या : पगार महिन्यावर की खेपेवर, जेवणाचा भत्ता किती, विमा आहे का, सोबत दुसरा ड्रायव्हर देणार का. 2025 पर्यंत लागू असलेल्या मोटार वाहतूक कामगारांच्या 1961 च्या कायद्यात साधारणपणे दिवसाचे 8 तास काम सांगितलं होतं. सलग दिवसरात्र गाडी ओढायला लावणाऱ्या मालकाला सरळ नाही म्हणा, भाऊ. दुसरं काम मिळेल.