कुत्रीच्या ऑपरेशनची भीती
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आज मला चार शब्द बोलायला सांगितले, याबद्दल मी मंडळाची आभारी आहे. माझे शिक्षण सातवीपर्यंत झाले. व्याख्यान देण्याचा माझा अधिकार नाही. पण गेल्या वर्षी आमच्या काळीचे, म्हणजे कुत्रीचे, मुले होऊ नयेत म्हणून ऑपरेशन करून आणले, तेव्हापासून आळीतल्या बायका विचारतात, "तुमचा जीव कसा धजावला हो?" त्याचेच उत्तर आज देते.

पहिली भीती पापाची. मुक्या जिवाचे आईपण काढून घ्यायचे, हे पाप नव्हे का? आमच्या सासूबाईही हेच म्हणत. पण बायांनो, पिल्लांचे पुढे काय होते तेही पाहू या. कुत्री साधारण सहा-सात महिन्यांनी माजावर येते, दोन महिन्यांत विते, आणि एका वेळी चार-सहा पिल्ले होतात. त्यांतले नर कोणीतरी मागून नेतो. माद्या कोणालाच नको असतात. मग त्या पोत्यात घालून हमरस्त्याच्या कडेला सोडल्या जातात. कार्तिकी एकादशीला आपल्या विठोबाची यात्रा भरते, सुक्या मासळीचा बाजार लागतो. तिथे खायला मिळेल म्हणून कोणी तिथे नेऊन टाकतो. यात्रा उठली की त्यांना कोण विचारणार? मादी म्हणून नको असणे म्हणजे काय, हे आपणा बायकांना निराळे सांगायला नको. पाप शोधायचेच तर ते त्या पोत्यात सापडेल.

दुसरे म्हणणे असे, की निदान एक वेत तरी होऊ द्यावे, म्हणजे तिची प्रकृती चांगली राहते. मी हे डॉक्टरांना विचारले. ते म्हणाले, याला काही आधार नाही. उलट लवकर ऑपरेशन केले तर पुढे स्तनांत गाठी होण्याचा धोका पुष्कळ कमी होतो. न विलेल्या किंवा विलेल्या, कोणत्याही उतारवयाच्या कुत्रीच्या गर्भाच्या पिशवीत पू होऊ शकतो. माज संपल्यावर महिना-दोन महिन्यांत ती फार पाणी पिऊ लागते, खाणे टाकते, कधी खालून घाण जाते. आमच्या आळीतली एक कुत्री अशीच गेली. पिशवीच काढली, तर हे दुखणे उद्भवायला जागा राहत नाही. म्हणजे ऑपरेशन न करण्यातही धोका आहे, आणि तो तिलाच सोसावा लागतो.

तिसरी भीती जिवाची. धोका मुळीच नाही असे मी म्हणणार नाही. भूल दिली की थोडा धोका आलाच. पण निरोगी, तरुण कुत्रीला तो फार कमी असतो. आदल्या रात्रीपासून खायला द्यायचे नाही. भुलीत तिला काही कळत नाही. पोटाला लहान छेद घेऊन पिशवी आणि बीजकोश काढतात. काळीला घरी आणली तेव्हा तिचे डोळे अर्धे मिटलेले होते, पाय लटपटत होते. ते पाहून सासूबाईंनी आपले जुने लुगडे ओटीवर अंथरले आणि रात्रभर तिच्याजवळ बसल्या. दुसऱ्या दिवशी तिने पेज खाल्ली. दहा-बारा दिवसांत टाके सुकले. तेवढे दिवस तिला जखम चाटू द्यायची नाही, उड्या मारू द्यायच्या नाहीत आणि अंग कोरडे ठेवायचे. आपल्याकडचा पाऊस तुम्हाला ठाऊकच आहे. म्हणून घरात कोरडी जागा नसेल तर दिवाळीनंतर करावे. माजावर असताना सहसा करत नाहीत. कोणत्या वयात करावे तेही डॉक्टरांना विचारावे; थोराड जातीच्या कुत्रीला थोडे थांबायला सांगतात.

चौथी भीती, ती सुस्त होईल, राखण करणार नाही. काळी आजही परक्या माणसाला फाटकाच्या आत येऊ देत नाही. मात्र ऑपरेशननंतर अन्न कमी लागते. भाकरी पूर्वीइतकीच घातली तर अंग सुटते. तो दोष आपल्या हाताचा. काही कुत्र्यांना पुढे नकळत लघवी होते, त्यावर औषध मिळते.

कुत्री मारून कमी होतात हा समजही सोडावा. मुंबईत १८३२ साली कंपनी सरकारने मोकाट कुत्री मारण्याची मोहीम काढली, तेव्हा पारशी लोकांनी दंगा केला होता. त्यानंतरही कितीतरी वर्षे कुत्री मारली गेली, पण संपली नाहीत. शेवटी २००१ साली सरकारने नियम केले आणि २०२३ साली ते नव्याने केले. त्यांप्रमाणे रस्त्यावरच्या कुत्र्यांचे ऑपरेशन करून, पिसाळ रोगाची लस टोचून, त्यांना त्यांच्याच जागी सोडायचे असते. पाळलेल्या कुत्रीचे पाहणे मात्र मालकाकडेच आहे.

आपल्यापैकी कितीजणींनी दोन मुलांवर आपले ऑपरेशन करून घेतले! तेव्हाही घरोघर हीच भीती होती. ती आपण धीराने पार केली. म्हणून माझी मंडळाला विनंती आहे, की ज्यांच्या घरी कुत्री आहे त्यांची नावे लिहून घ्यावीत, आणि पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारून सर्वांसाठी एक दिवस ठरवावा. एकटीला भीती वाटते. चौघी मिळून गेल्या तर वाटणार नाही. ज्यांना हवे असेल त्यांच्याबरोबर मी येईन.